नवशिक्यांच्या स्पॅनिश वर्गात कोणते नियम ठेवावेत? 'फक्त स्पॅनिश' हा नियम चालतो का?

प्रश्न: मडगावात जूनपासून मोठ्या माणसांसाठी स्पॅनिशचा प्राथमिक वर्ग सुरू करतोय. आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास. पंधरा-सोळा जण आहेत: काही हॉटेलांतले, काही बोटीवर जाणारे, दोन-तीन निवृत्त. पहिल्या दिवशी कोणते नियम सांगावेत? वर्गात फक्त स्पॅनिश बोलायचं आणि वहीत देवनागरी उच्चार लिहायचे नाहीत, हे दोन नियम ठेवावेत का? उशीर, गृहपाठ, हजेरी यांचं काय करावं?

उत्तर:

उशीर आणि हजेरी नंतर बघू. तुम्ही विचारलेल्या त्या दोन नियमांवर मात्र माझं डोकं तापतं, कारण एका ज्येष्ठ सहकाऱ्याशी हाच वाद मी किती वर्षं घालतेय. 'वर्गात मातृभाषा नको, वहीत देवनागरी नको' असं म्हणणारी मंडळी व्याकरण मात्र इंग्रजीतून समजावतात. म्हणजे बंदी मराठी-कोकणीवर आणि इंग्रजीला मोकळं रान. उलटं करा. नवशिक्याचं स्पॅनिश सगळ्यात जास्त बिघडवते ती इंग्रजी.

'गुस्तार', म्हणजे 'आवडणे', घ्या. इंग्रजीतून शिकवलं की 'आय लाइक' पासून सुरुवात होते, मग 'स्पॅनिशमध्ये हे उलटं असतं बरं का' अशी सूचना येते, आणि दोन आठवड्यांनी अर्धा वर्ग 'यो गुस्तो' (यो म्हणजे मी) असं चुकीचं म्हणत असतो. मराठीत समजावण्यासारखं काही उरतच नाही. फळ्यावर चार ओळी एकाखाली एक लिहा: मला आंबा आवडतो, मे गुस्ता एल मांगो. मला आंबे आवडतात, मे गुस्तान लोस मांगोस. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, माझ्याप्रमाणे नाही, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. मला म्हणजे मे, तुला म्हणजे ते, त्याला म्हणजे ले. दहा मिनिटांत धडा संपतो. पुढे 'आ मी मे गुस्ता' असा दुहेरी 'मला' येतो तेव्हा थोडं थांबावं लागतं, तेवढंच.

दुसरं, कर्ता गाळणं. आपण 'येतो', 'जाते', 'बोललास का' म्हणतो. मी-तू सांगायची गरज नसते, शेपटावरून कळतं. स्पॅनिशचंही तेच. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी प्रत्येक वाक्याला 'यो, यो' करत बसतो आणि ऐकणाऱ्याला तो स्वतःचाच टेंभा मिरवतोय असं वाटतं. शिवाय तू बोलतोस, तू आब्लास. सर्वनाम तेच आणि शेवटचा 'स'ही दोन्हीकडे. हे एकदा दाखवलं की द्वितीयपुरुषी एकवचनाचं रूप वर्ग विसरत नाही.

तिसरी गोष्ट पुस्तकं उगाच अवघड करतात. कर्म माणूस असेल तर स्पॅनिशमध्ये त्याच्या आधी 'आ' लागतो. मी घर बघतो, वेओ ला कासा. मी रमेशला बघतो, वेओ आ रमेश. आपला 'ला' नेमकं हेच काम करतो. इंग्रजीत याला जोडच नाही, म्हणून तिथे तो अपवाद म्हणून पाठ करून घेतात.

मराठी दगा देते ती ठिकाणंही ठरलेली आहेत आणि ती आधीच सांगून टाकावीत. 'आहे' एकच, पण तिकडे सेर आणि एस्तार दोन. वय सांगताना 'मी वीस वर्षांचा आहे' डोक्यात असतं म्हणून 'सोय वेइन्ते आन्योस' येतं. तिथे 'तेंगो' (माझ्याजवळ आहे) हवं. आणि आपलं 'तुम्ही' अनेकवचनही असतं आणि मानही, त्यामुळे समोर एकच वडीलधारा असला तरी 'कोमो एस्तान' (अनेकवचनी 'कसे आहात') निघतं. एका माणसाला मान द्यायला 'उस्तेद', क्रियापद एकवचनी. हॉटेलातल्या मुलांकडून हे पहिल्या आठवड्यापासून घोटून घ्या. पाहुण्याशी तूं-तां करणं त्यांना परवडणार नाही. अनेकवचनात स्पेनचं 'वोसोत्रोस' शिकवायचं की लॅटिन अमेरिकेचं 'उस्तेदेस', तेही पहिल्याच दिवशी ठरवून जाहीर करा. बोटीवर जाणाऱ्यांना 'उस्तेदेस' पुरतं.

आता देवनागरी. स्पॅनिशचा त, द, प, क आपलाच आहे: त-द दातावरचे आणि चारही हकार नसलेले. रोमन अक्षरं पाहिली की इंग्रजी शाळेत शिकलेली जीभ आपोआप 'टोमाटे' आणि 'डॉस' म्हणते. 'तोमाते', 'दोस' असं लिहिलं की म्हणत नाही. स्वरांचंही तसंच. आ, ए, इ, ओ, उ एवढे पाचच, आणि आघात (उच्चारातला जोर) नसला तरी ते पुसट होत नाहीत. इंग्रजीच्या सवयीने 'बनाना' म्हणणाऱ्याला 'बानाना' लिहून दिलेलं बरं. 'च' चारमधला, चुलीतला नव्हे. मूक 'एच' देवनागरीत लिहिलाच जात नाही, त्यामुळे 'ओला'चं 'होला' होत नाही.

तुमच्या वर्गात रोमीत (रोमन लिपीत) कोकणी लिहिणारे असतील. त्यांना देवनागरी लादू नका, त्यांचं काम आणखी सोपं आहे. रोमीत एक 'टी' म्हणजे त आणि दोन म्हणजे ट, हे त्यांच्या हातात बसलेलं असतं. त्यांच्याकडे तीन खड्डे: 'एक्स' दिसला की ते श वाचतात, 'जे'ला ज म्हणतात, आणि काही जण शब्दाच्या शेवटचा 'एन' नाकात नेतात. 'ब्येन' आणि 'पान' यांतला न जिभेने स्पष्ट उमटला पाहिजे, 'ब्यें' नको. शेवटचा दोष देवनागरीवाल्या कोकणी मंडळींतही असू शकतो.

देवनागरी कुठे तोकडी पडते तेही ऐका, म्हणजे त्या सहकाऱ्याच्या बाजूचं जे खरं आहे ते सांगितल्यासारखं होईल. 'ही' आणि 'तो आहे' दोन्ही 'एस्ता' असेच लिहिले जातात, फरक फक्त आघाताचा. 'मी बोलतो' आणि 'तो बोलला' दोन्ही 'आब्लो'. 'नादा'मधला द दोन स्वरांमध्ये सैल होतो, तो लिहून दाखवता येत नाही. स्पेनमधल्या 'सी', 'झेड'च्या उच्चारासाठी थ लिहिला तर वर्ग थाळीतला थ म्हणतो आणि सगळंच फसतं. तिथे सरळ लॅटिन अमेरिकेचा स घ्या. म्हणून नियम असा ठेवा: देवनागरी किंवा रोमी पहिले चार आठवडे, पेन्सिलीने, मूळ स्पॅनिश शब्दाच्या खाली, एकटी कधीच नाही, आणि आघात येतो त्या अक्षराखाली रेघ. आघाताचा नियम तिसऱ्या तासाला द्या: शब्द स्वराने, 'एन'ने किंवा 'एस'ने संपला तर शेवटून दुसऱ्या अवयवावर (एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा, सिलेबल), नाहीतर शेवटच्यावर, याला सोडून असेल तिथे स्वरावर तिरकी खूण दिलेलीच असते. पाचव्या आठवड्यात खोडरबर.

ताणलेल्या 'र्र'साठी व्हिडिओ दाखवत बसू नका. चिमणी 'भुर्र' उडाली असं प्रत्येकाने लहानपणी म्हटलेलं असतं. भुर्र म्हणायला लावा, मग भ चा हकार काढून बुर्र, मग शेवटी ओ. 'बुर्रो', म्हणजे गाढव, तयार. तिथून 'पेर्रो' म्हणजे कुत्रा आणि 'पेरो' म्हणजे 'परंतु', अशी जोडी करून आलटून पालटून दहा वेळा. ज्यांना तरी जमत नाही ते बहुतेक जबडा आवळून धरतात; जीभ सैल आणि हवा जोरात, एवढंच सांगा.

पोर्तुगीज हा गोव्यातला खास प्रश्न आहे आणि स्पॅनिशच्या कुठल्याही छापील नियमावलीत तो नसतो. तुमच्या निवृत्त मंडळींत 1961 च्या आधी शाळेत पोर्तुगीज शिकलेलं कुणी असेल, किंवा तरुणांत कुणी अलीकडे शिकलेलं. अशी माणसं पहिल्या दिवशी उतारा वाचून दाखवतात आणि बाकीचा वर्ग खचतो. वाचनात त्यांना खरंच फायदा आहे. बोलण्यात उलट. 'गातो'चं 'गातु' करतात, शब्दाच्या शेवटचा स 'श' म्हणतात, स्वर नाकात नेतात. खोडरबर मागायला पोर्तुगीज शब्दच स्पॅनिश थाटात 'बोर्राचा' असा म्हणतात, आणि स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ दारू प्यालेली बाई. तिथे 'गोमा' म्हणायचं. वय लिहिताना 'एन'वरची नागमोडी रेघ विसरतात, कारण पोर्तुगीज वर्षाला ती नसतेच. स्पॅनिशमध्ये ती गळली की वर्षाचं गुदद्वार होतं. हे वर्गात मोकळेपणाने सांगा, लोक एकदा हसतात आणि पुन्हा चुकत नाहीत.

यांच्यासाठी दोन नियम: तोंडी प्रश्नाला त्यांनी सगळ्यांत शेवटी उत्तर द्यायचं, आणि वहीच्या मागच्या पानावर फसव्या जोड्यांची यादी ठेवायची. लार्गो तिकडे पोर्तुगीजमध्ये रुंद, इकडे स्पॅनिशमध्ये लांब. पोल्वो तिकडे माकूल माशाचा भाऊ ऑक्टोपस, इकडे धूळ. ओफिसीना तिकडे कारखाना किंवा गॅरेज, इकडे कचेरी. एस्किसितो तिकडे विचित्र, इकडे जवळपास तोच शब्द म्हणजे चविष्ट. ही यादी वर्गाला वाचून दाखवायचं काम त्यांनाच द्या. मानही राहतो आणि मध्येमध्ये उत्तरं पुरवणंही थांबतं.

मग 'फक्त स्पॅनिश'चं काय? पहिल्या दिवसापासून ठेवलात तर वर्ग गप्प होतो आणि नव्वद मिनिटांतली सत्तर तुम्हीच बोलता. नवीन व्याकरण येईल त्या तासाला दहा मिनिटं मराठी-कोकणीची खिडकी ठेवा, घड्याळ लावून. बाकी वेळ स्पॅनिश, पण त्यासाठी लागणारी वाक्यं आधी हातात द्या: कोमो से दीसे अमुक एन एस्पान्योल, के सिग्निफीका, नो एन्तिएन्दो, मास देस्पासिओ पोर फावोर, पुएदे रेपेतीर, पुएदो इर अल बान्यो (अमुक स्पॅनिशमध्ये कसं म्हणतात, याचा अर्थ काय, समजलं नाही, जरा हळू, पुन्हा सांगाल का, बाथरूमला जाऊ का). ही मोठ्या अक्षरांत भिंतीवर. मराठीत प्रश्न आला की उत्तर द्यायचं नाही, भिंतीकडे बोट करायचं. तीन आठवड्यांनी बोटही लागत नाही.

बोलण्यावर एवढा जोर का, तर कुणाला पुढे सेर्वान्तेस संस्थेची देले, म्हणजे स्पॅनिश येतं याचा दाखला देणारी, परीक्षा सुरुवातीच्या पातळीवर द्यायची असेल तर तिथे गुणांचे दोन गट असतात: वाचन-लेखन 50, ऐकणं-बोलणं 50. दोन्हींत प्रत्येकी किमान 30 लागतात. एका गटात 48 मिळवून दुसऱ्यात 28 आले तरी नापास. वर्गात फक्त लेखी चाचण्या घेणारे शिक्षक विद्यार्थ्याला थेट त्या दुसऱ्या गटात आपटायला पाठवतात. तुमच्या अंतर्गत गुणांतले निम्मे तोंडी ठेवा.

गृहपाठही तोंडी. लेखी दिलात तर फोनमधलं भाषांतर वहीत उतरतं. दुसऱ्या आठवड्यात कुणाच्या वहीत संभावनार्थी क्रियापद (इच्छा-शक्यतेचं, अजून न शिकवलेलं रूप) दिसलं की समजून जा. चाळीस सेकंदांचं ध्वनिमुद्रण व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, पण तुमच्या खासगी नंबरावर. गटात मागवलं की पहिल्याचं ऐकून सगळे तेच पाठवतात. त्यामुळे मोबाईलबंदी वगैरे नकोच. प्रत्येक नाम 'एल' किंवा 'ला'सकट पाठ करायचं, नुसता शब्द चालणार नाही, हा नियम मात्र कडक ठेवा. विशेषण नामाप्रमाणे बदलणं आपल्याला सवयीचं आहे, पण लिंगं जुळत नाहीत आणि तिकडे नपुंसकलिंगी नामंच नाहीत. टेबल स्त्रीलिंगी होतं, 'ला मेसा'.

चुका दुरुस्त करणं: उच्चाराचा सराव चालू असेल तर जागच्या जागी, संवाद चालू असेल तर मध्ये तोडू नका. कागदावर टिपा, शेवटी नाव न घेता पाच चुका फळ्यावर. 'कुणाच्या बोलण्यावर हसू नये' असा नियम लिहून काही होत नाही. दर तासाला जोड्या बदला, तेवढ्याने टोळकी बनत नाहीत.

उशिरा येणाऱ्याने दारातच म्हणायचं: पेर्दोन पोर येगार तार्दे (उशीर झाला, माफ करा), आणि किती वाजले ते. सोन लास सेइस इ दिएस, सहा वाजून दहा मिनिटं. कदंब या गोव्यातल्या सरकारी बसची कृपा असेल तर महिन्याभरात वर्गाला घड्याळ पक्कं येतं.

एक मर्यादा सांगायची राहिली. हे सगळं मराठी-कोकणीवाल्यांचं झालं. वर्गात हिंदीभाषक असतील तर 'मुझे' आणि 'को' धरून बरंच चालतं. फक्त इंग्रजीतच सराईत असलेल्यांना 'गुस्तार'साठी वेगळा अर्धा तास द्यावा लागेल, त्याला इलाज नाही. शाळकरी मुलांच्या वर्गाला यातलं निम्मं लागू नाही.

हजेरीचं तुम्ही विचारलंत. टक्केवारी ठरवून काही साधत नाही. बोटीवरच्याला बोलावणं आलं की तो जाणार, हॉटेलवाल्याची पाळी बदलणार. जूनमध्ये सुरू करताय ते बरं, पाहुणे कमी असतात. ऑक्टोबरपासून मोसम सुरू झाला की हॉटेलवाले गळतील, म्हणून क्रियापदांची अवघड रूपं सप्टेंबरच्या आत उरका. चतुर्थीच्या आठवड्यात वर्ग ठेवू नका.