पाच दिवस, एक स्कूटर आणि अकरा संकल्प

प्रश्न : काका, नमस्कार. मी २२ वर्षांची, राहायला कोल्हापुरात, राजारामपुरीत. बी. कॉम.चा शेवटचा पेपर झाला आणि हातात अख्खा मे महिना आहे. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतले आठ हजार रुपये बाजूला काढलेत. त्यात मला एकटीनं, माझ्या स्कूटरवरून, पाच दिवस कोकणात जायचंय. बेत असा : आंबा घाट उतरून गणपतीपुळे, तिथून समुद्राकाठच्या रस्त्यानं विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण, वेंगुर्ला, जमलं तर तेरेखोल आणि परत आंबोलीवरून वर.

या प्रवासासाठी मी अकरा संकल्प लिहून काढलेत. रोज समुद्रातून उगवणारा सूर्य बघायचा. पहाटे पाचला उठायचं. फोन दिवसाला अर्धाच तास. रोज डायरी. दोन पुस्तकं संपवायची. पोहायला शिकायचं. सात किल्ले करायचे. रोज एका अनोळखी माणसाशी बोलायचं. आठ हजारांवर एक रुपया जाऊ द्यायचा नाही. मनातली भीती कायमची घालवायची. आणि अकरावा सगळ्यात मोठा : पुण्यात एका कंपनीत नोकरी मिळालीय, जुलैत हजर व्हायचंय, पप्पांना वाटतं मी इथंच राहून एमपीएससी करावी. काय ते ठरवूनच परत यायचं.

आई म्हणते, एकटी अजिबात जायचं नाही. पप्पा काहीच बोलत नाहीत. तुम्ही एसटीवर असताना कोकणातले सगळे घाट चालवलेत, म्हणून तुम्हाला विचारते. जाऊ का?

उत्तर : जा. पण हा बेत घेऊन नको.

आधी रस्त्याचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. गणपतीपुळे काढून टाक. रत्नागिरी ते देवगड या पट्ट्यात खाड्याच खाड्या. नकाशात बोटभर दिसणारं अंतर रस्त्यानं वळसे घेत घेत अर्धा दिवस खातं आणि मे महिन्यात तो अर्धा दिवस म्हणजे डोक्यावर ऊन आणि अंगाला घामाची चिकचिक. तू सरळ राधानगरी रस्ता धर. पुईखडी, हळदी, भोगावती, राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाट उतरून कणकवली आणि तिथून मालवण. सगळं मिळून दीडशे किलोमीटरच्या आसपास. मालवणला दोन मुक्काम, एक दिवस देवगड-कुणकेश्वरला जाऊन यायचं, नंतर वेंगुर्ला, सावंतवाडी, आंबोली. आंबोलीत एक मुक्काम करून आजरा, उत्तूर, निपाणी आणि घर. पाच दिवसांत हे आरामात बसतं. तेरेखोल पुढच्या वर्षी.

फोंड्यानं उतर आणि आंबोलीनं चढ, असं मुद्दाम सांगतोय. उतारावर अवघड काय असतं तर ते तुझ्या स्कूटरलाच असतं, माझ्या एसटीला नव्हतं. आम्हाला शिकवलेलं असतं की ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा. गाडी दुसऱ्या गिअरात टाकली की इंजिनच तिला धरून ठेवतं, ब्रेकवर पाय नुसता टेकलेला असतो. बिनगिअरच्या स्कूटरला ही सोय नसल्यातच जमा. तू मूठ पूर्ण सोडलीस आणि वेग कमी झाला की क्लच सुटतो, गाडी मोकळी धावायला लागते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून मूठ अगदी किंचित पिळलेली ठेवायची, वेग तिशीच्या आत, आणि ब्रेक दाबून धरायचा नाही. दाब, सोड, दाब, सोड, दोन्ही हातांनी मिळून. ब्रेकच्या लायनरचा करपट वास आला की पुढची रुंद जागा बघून डावीकडं थांब. तो वास एकदा ओळखलास की जन्मात विसरणार नाहीस. ड्रम इतका तापलेला असतो की वर थुंकी टाकली तर चर्र करेल. त्यावर बाटलीतलं पाणी ओतायचं नाही, नुसतं पंधरा मिनिटं बसायचं. दरीकडं बघ, माकडांपासून डबा सांभाळ. आणि आपल्याकडं पोरांना एक खोड असते, पेट्रोल वाचवायला उताराला गाडी बंद करून सोडायची. तुझ्या ओळखीतला कुणी असलं काही शिकवायला आला तर त्याच्या गाडीवर मागं बसू नकोस.

घाटात वर येणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा कायदाही आहे आणि शहाणपणही. चढावर थांबलेला लोड ट्रक पुन्हा उचलणं म्हणजे काय, ते त्या ड्रायव्हरला विचार.

वेळ अशी धर : घरातून पहाटे साडेपाचला निघ. राधानगरीत सात-साडेसातला चहा. दाजीपूरच्या जंगलातून रस्ता जातो, तिथं गवे असतात आणि अंधुक उजेडात गवा डांबरासारखाच दिसतो, म्हणून तो पट्टा चांगलं उजाडल्यावरच पार कर. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण रस्त्यावरनं दिसतं, थांबावंसं वाटलं तर थांब. साडेदहाला कणकवली. अकरा ते चार गाडी सावलीत, तूही सावलीत. दुपारनंतर वळिवाचं भरून आलं तर थांब. पहिल्या पावसात डांबरावरचं तेल वर येतं आणि दहा-वीस मिनिटं रस्ता साबणासारखा असतो. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, हे तुझ्या यादीत नव्हतं. ते एक नंबरला लिही. मे महिन्यात संध्याकाळनंतर हापूसच्या पेट्या भरलेले पिकअप वाशी मार्केट गाठायच्या घाईत असतात आणि कोकणातल्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जांभ्याचे गडगे असतात. बाजूला व्हायला जागाच नसते.

निघायच्या आठवडाभर आधी गाडी उद्यमनगरात तुमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडं टाक. ब्रेकचे लायनर, टायर आणि बेल्ट हे तिन्ही उघडून दाखव म्हणावं. स्कूटरचा बेल्ट वीसेक हजार किलोमीटरनंतर भरवशाचा राहत नाही आणि तो चढावरच तुटतो. ट्यूबलेस टायरचा पंक्चर काढायचं किट मिळतं. ते घेऊन तिथंच एकदा स्वतःच्या हातानं पंक्चर काढून बघ. मिस्त्री हसेल, हसू दे. गाडीचा विमा आणि पीयूसी चालू आहे का बघ, हेल्मेट पट्टा लावून घाल.

आता आई. तिची काळजी 'मी मोठी झालेय' म्हणून जाणार नाही. तिला कागदावर लिहून दे : कुठल्या दिवशी कुठलं गाव, मुक्काम कुणाकडं, त्यांचा फोन. दिवसातून दोनदा ठरल्या वेळी फोन कर. आणि आधीच सांगून ठेव की दाजीपूर ते फोंडा या पट्ट्यात रेंज जाते, नाहीतर तेवढ्या वेळात घरात देव पाण्यात ठेवले जातील. मे महिन्यात चाकरमानी गावाला आलेले असतात, मालवण-तारकर्लीत ऐनवेळी खोली मिळणार नाही. घरातलं कुटुंब तिथंच राहतं असं ठिकाण आजच फोन करून धर. चहाच्या टपरीवर "एकटीच काय?" हा प्रश्न तुला पाच दिवसांत खूपदा येईल. बहुतेक जण नुसत्या कौतुकानं विचारतात. तरी कुठं उतरणार ते सांगू नकोस. "पुढं कुडाळला आत्या आहे, वाट बघतीय" म्हण. आत्या नसली तरी चालतं. खरंच काही वाटलं तर ११२.

पप्पा बोलत नाहीत म्हणतेस. गाडी मिस्त्रीकडं न्यायच्या दिवशी त्यांना बरोबर ने. न बोलणाऱ्या माणसाला टायरची हवा बघायला दिली की तो बोलायला लागतो.

संकल्पांकडं येतो. पोरी, कोकणात सूर्य समुद्रात मावळतो. उगवतो तो सह्याद्रीमागून. तेव्हा पहिला संकल्प आपोआप गेला, संध्याकाळी जाऊन बस, आयतं मिळेल. पोहायला शिकायला समुद्र ही जागा नव्हे, त्यातून मे महिन्याचा आणि एकटीनं तर मुळीच नव्हे. जलतरणपटू वीरधवल खाडेच्या गावातली तू, इथल्याच तलावात जून-जुलैत शीक. तोवर पाण्यात गुडघ्यापर्यंतच. सात किल्ले म्हणजे सात पायऱ्यांचे फोटो. एकच सिंधुदुर्ग कर आणि नीट कर. सकाळच्या पहिल्या होडीनं जा. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, त्या बघ. तटावर उन्हं चढायच्या आत फिरून घे. पावसाळा तोंडावर आला की होड्या बंद होतात, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस.

दोन पुस्तकं ने, पण संपवायची म्हणून नको. फोनचा अर्धा तास विसर, रस्ता विचारायला तोच लागतो. भीती कायमची घालवायचा संकल्प मात्र खोडच. फोंड्याच्या वळणावर समोरून ट्रक आला की पोटात जो गोळा येतो, त्यानंच इतकी वर्षं माझे प्रवासी घरी पोहोचले. तो तुझ्याकडं असू दे.

आठ हजारांचा संकल्प मला आवडला. सगळं फिरणं साडेचारशे किलोमीटरच्या आसपास बसेल, म्हणजे दहा-अकरा लिटर पेट्रोल, हजार-बाराशे रुपये. उरलेल्यात चार रात्रीच्या खोल्या आणि जेवण बसव. रोज सोलकढी आणि सुरमईचं ताट मागवलंस तर बसणार नाही, दोनदा मागव. स्वतःच्या पैशानं भरलेली पेट्रोलची टाकी वेगळी लागते, एवढंच सांगतो. अनोळखी माणसाशी बोलायचा ठेव. डायरी ठेव. पाचला उठण्याचं ऊनच बघून घेईल.

राहिला अकरावा. प्रवासात आपोआप निर्णय होतो, हे मला पटत नाही. मी आयुष्यभर माणसं इकडून तिकडं नेली. घरातला प्रश्न माणूस घरी ठेवून येत नाही, कडेवरच्या पोरासारखा तो गाडीत घेऊन बसतो आणि उतरताना तसाच उचलून नेतो. घाटात तर त्याचा विचारसुद्धा करू नकोस, तिथं डोळे वळणावर पाहिजेत. पण अकरा ते चार तुला रोज रिकामे पाच तास मिळणार आहेत. त्यातल्या एका दुपारी वही काढ. पुण्यात पीजीचं भाडं किती, मेस किती, जायला-यायला किती, हातात पगार किती येणार, त्यातून घरी किती पाठवावं लागेल, ते लिही. दुसऱ्या पानावर एमपीएससीची किती वर्षं धरायची आणि तोवर खर्च कोण उचलणार, ते. निघायच्या आधी कंपनीला फोन करून एवढंच विचार की हजर व्हायची तारीख महिनाभर पुढं सरकते का. 'नाही' आलं तरी तुझी मुदत जुलै आहे, पाच दिवस नव्हेत. मग वेंगुर्ल्याच्या जेटीवर बसून घाईनं काही ठरवायची गरज नाही. आकडे घरी आण आणि पप्पांच्या पुढं ठेव. "मला वाटतं" यावर ते गप्प बसतील, आकड्यांवर बोलतील.

आणि जाताना गाडीच्या डिकीत एक जुनी बनियन टाक. प्लग, हात, काच, सगळ्याला लागते.

प्रश्न : मी २५ वर्षांचा, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला. आठवड्याला एकच सुट्टी. मित्र लडाखचे फोटो टाकतात. माझ्याकडं शंभर सीसीची गाडी आणि एक दिवस आहे. त्यात एकट्याची रोडट्रिप होते का?

उत्तर : होते की! पहाटे फुलेवाडीतून बाहेर पड, कळ्याला नाष्टा, तासा-दीड तासात गगनबावडा. गगनगडावर चढ, वरून खाली कोकण दिसतं. मग करूळ घाट उतर, वैभववाडीला जा आणि भुईबावडा घाटानं परत वर ये. दोन्ही घाट गगनबावड्यालाच फुटतात, एकाच दिवसात उतरायचा एक आणि चढायचा एक मिळतो. तुझी गिअरची गाडी आहे, दुसऱ्या गिअरात उतर. करूळला रस्त्याचं काम किंवा दरड पडल्याचं काही नाही ना, हे आदल्या दिवशी गगनबावड्याच्या एसटी स्टँडवर फोन करून किंवा तिकडं जाणाऱ्या ड्रायव्हरला विचारून घे. वैभववाडीत पेट्रोल भर आणि बाराच्या आत चढायला लाग. मित्रांना फोटो पाठवायचाच असला तर भुईबावड्याच्या वरच्या वळणावरून काढ, पण गाडी बाजूला लावून.