पुण्यातील नव्या फ्लॅटमध्ये केबल घ्यावी की डिश? पावसात डिश चालत नाही, हे खरे आहे का?

आपण लिहिले आहे की, पुण्यात नव्या फ्लॅटमध्ये आईवडिलांसह राहायला जात आहात, घरात मराठी मालिका आणि क्रिकेट पाहिले जाते, आणि ‘पावसाळ्यात डिश बंद पडते’ असे सगळे नातेवाईक सांगत असल्यामुळे आपले मन केबलकडे झुकले आहे. नातेवाइकांचे हे वाक्य मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की, उत्तर लिहिल्यावाचून राहवत नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो: पाऊस हे डिश नाकारण्याचे कारण होऊच शकत नाही. टीव्ही नेमका कशामुळे बंद पडला याचा शोध घेण्याचा ज्यांना कंटाळा असतो, ते आभाळाकडे बोट दाखवून मोकळे होतात.

आमचे घर दापोली तालुक्यात आहे, तेव्हा पावसाच्या बाबतीत पुण्याने आमच्याशी बरोबरी करण्याचे कारण नाही. वडिलांच्या पश्चात घराचे वाटप झाले, त्यात पुढची पडवी आणि माजघर दादाकडे आले व मागची बाजू माझ्याकडे. दादाने पूर्वीची केबल चालू ठेवली आणि मी मागच्या भिंतीवर डिश बसवली. एकच छप्पर, एकच पाऊस, एकच वीजजोडणीचा खांब, दोन्हीकडे इन्व्हर्टर, आणि पाहणारी आई दोघांची मिळून एक. केबल आणि डिश यांची तुलना करायला याहून चांगली सोय मिळणे कठीण. तरीही आमचा वाद कित्येक पावसाळे चालला, कारण दादा तुलना करतच नव्हता, तो फक्त माझ्याकडचे चित्र गेले की दारात येऊन उभा राहत असे.

दादाच्या म्हणण्यात तथ्य किती आहे ते आधी पाहू. डिश ज्या लहरी पकडते त्या कू बँडच्या, म्हणजे साधारण ११-१२ गिगाहर्ट्झच्या असतात आणि त्यांची तरंगलांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते. सुमारे ३६,००० किलोमीटरवरून आलेली ही लहर शेवटच्या काही किलोमीटरमध्ये दाट पावसातून येते तेव्हा पाण्याचे थेंब तिची शक्ती शोषून घेतात आणि तिला इकडेतिकडे विखुरतात. मुळात क्षीण झालेली लहर आणखी क्षीण होते आणि पडद्यावर ‘सिग्नल उपलब्ध नाही’ अशी पाटी झळकते. केबल कंपनीसुद्धा आपल्या वाहिन्या उपग्रहावरूनच घेते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. परंतु तिच्या मुख्य केंद्रावरील मोठ्या तबकड्या बहुतांशी सी बँडवर, म्हणजे ४ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात. ती तरंगलांबी साधारण साडेसात सेंटीमीटर असल्यामुळे पावसाचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. तेव्हा मुसळधार सरीत डिश जाते आणि केबल टिकते, हे विधान तेवढ्यापुरते खरे आहे. मात्र अशी सर किती वेळ टिकते? संततधार चालू असताना डिश व्यवस्थित चालते. जाते ती अगदी काळाकुट्ट ढग येऊन कोसळू लागला की, आणि तो पुढे सरकला की चित्र आपोआप परत येते. कोणालाही फोन करावा लागत नाही.

आता केबलचे पाहू. मुख्य केंद्रावरून निघालेला सिग्नल आमच्या वाडीत पोहोचेपर्यंत अनेक हातांतून जातो. शहरातून फायबर येते, पुढे काळी कोॲक्सिअल वायर विजेच्या खांबांवरून आणि आंब्या-फणसाच्या फांद्यांवरून लोंबत येते, आणि वाटेत सिग्नल क्षीण होतो म्हणून ठिकठिकाणी ॲम्प्लिफायर बसवलेले असतात. या ॲम्प्लिफायरला वीज लागते. आमच्या वाडीचा ॲम्प्लिफायर एका किराणा दुकानाच्या ओट्यावर पत्र्याच्या डब्यात होता; दुकानदाराच्या मीटरवरून त्याला वीज दिली होती आणि त्या बदल्यात दुकानदाराला केबल फुकट होती. वीज गेली की आमच्या दोघांच्याही घरी इन्व्हर्टरवर टीव्ही लागायचा. माझ्याकडे बातम्या दिसायच्या आणि दादाकडे निळा पडदा, कारण ओट्यावरचा डबा मेलेला असायचा. दुकानदार एकदा लग्नासाठी मुंबईला गेला आणि जाताना शहाणपणाने मेन स्विच बंद करून गेला, तेव्हा कडकडीत ऊन असताना सगळी वाडी केबलवाचून राहिली. त्या दिवसांत दादाने पावसाचे नाव काढले नाही, एवढे मी नमूद करून ठेवतो.

शिवाय पाऊस केबललाही सोडत नाही, फक्त त्याची रीत निराळी आहे. वायरीच्या जोडात पाणी शिरते, आतल्या तांब्यावर हिरवे पुट चढते, आणि मग पाऊस थांबला तरी चित्राचे चौकोनी तुकडे पडत राहतात. असा जोड शोधायला माणूस यावा लागतो, त्याला शिडी लागते, आणि श्रावणात त्याला असे पन्नास जोड शोधायचे असतात.

तोंडी वाद मिटेना म्हणून एका वर्षी मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी पेन्सिलीने नोंदी करायला सुरुवात केली. माझ्याकडचे चित्र पावसाने गेले तर ‘पा’, दादाकडचे गेले तर ‘के’, आणि पुढे बंद राहिल्याचा वेळ. दादाकडची खबर आई देत असे. तिला दोघांच्या भांडणात रस नव्हता, संध्याकाळच्या मालिकेत होता, आणि ती ज्या घरात दिसेल तिकडे ती जाऊन बसत असे. जुलैच्या पानावर ‘पा’ जास्त वेळा आहेत, हे मी लपवत नाही. पण प्रत्येक ‘पा’पुढे मिनिटे आहेत आणि ‘के’पुढे ‘रात्रभर’, ‘सोमवारपर्यंत’ असे शब्द आहेत. दादाने ते पान पाहिले आणि वेळा मोजल्या, वेळ मोजला नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. माडांची आणि पोफळींची काय दशा झाली हे इथे सांगण्याचा विषय नाही; प्रश्नापुरते सांगायचे तर विजेचे खांब आडवे झाले आणि त्यांच्यावरून गेलेली केबलही त्यांच्याबरोबर जमिनीवर आली. माझी डिशही वाचली नाही. तबकडी शाबूत होती, पण पूर्ण फिरून पश्चिमेकडे तोंड करून बसली होती. आमच्याकडे वीज यायला कित्येक आठवडे लागले. ती आली त्या दिवशी मी कंपनीच्या माणसाची वाट न पाहता स्वतःच भिंतीवर चढलो.

डिश जुळवणे हे अवघड काम नाही, चिकाटीचे आहे. शेजारच्या वाडीत त्याच कंपनीची एक डिश जागेवर उभी होती, तिचा रोख पाहून मी दिशा घेतली, पान्याने मागचे बोल्ट सैल केले आणि तबकडी अगदी केसभर सरकवू लागलो. पत्नी आत टीव्हीवर सिग्नलचा तक्ता उघडून बसली होती आणि पुतण्या मागच्या दारात उभा राहून तिचे आकडे ओरडून मला सांगत होता. त्या तक्त्यात दोन पट्ट्या असतात. ‘स्ट्रेंग्थ’ची पट्टी डिश कुठेही वळवली तरी भरलेली दिसते आणि नवशिक्याला फसवते, पाहायची असते ती ‘क्वालिटी’ची पट्टी. ती बराच वेळ शून्यावर होती, मग एकाएकी पुतण्या ‘काका, हलवू नका!’ म्हणून ओरडला. पुढे एलएनबी, म्हणजे तबकडीसमोरच्या दांड्यावरचे लहरी टिपणारे यंत्र, किंचित फिरवून पट्टी आणखी वर नेली आणि बोल्ट एकेक करून आवळले, कारण एकच बोल्ट आधी घट्ट केला तर तबकडी पुन्हा सरकते.

करोनामुळे शाळा बंद होत्या आणि त्याच जुलैत सह्याद्री वाहिनीवर इयत्तावार पाठ सुरू झाले. आमच्या भागात मोबाइलचे नेटवर्क जेमतेम, त्यामुळे मुलांना टीव्हीचाच आधार होता. दादाकडची केबल तोवर यायची होती; नवे खांब उभे राहिले तरी त्यांवरून वायर ओढायला माणसे मिळत नव्हती. दादाची दोन्ही मुले वह्या घेऊन रोज माझ्याकडे येऊन बसत आणि दादा त्यांना सोडायला दारापर्यंत येई. एके दिवशी धड्याच्या मध्येच सर कोसळली, चित्र गेले, आणि दादा दारातूनच म्हणाला, “बघ, पावसात बंद पडते की नाही!” स्वतःच्या घरी टीव्ही दीड महिना मुका असलेल्या माणसाचे हे उद्गार आहेत. आपल्या नातेवाइकांचे मत मी कशामुळे मनावर घेत नाही, हे आता आपल्या लक्षात येईल.

खर्चाविषयी आपण विचारले आहे, त्यात मला फारसे सांगण्यासारखे दिसत नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, नवी दरव्यवस्था लागू झाली, तेव्हापासून सशुल्क वाहिनीची कमाल किंमत प्रसारक जाहीर करतो आणि ती केबलला व डिशला सारखीच असते. जोडणीचे मासिक शुल्क तेव्हा १०० वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे होते. २०२० मध्ये तेवढ्याच शुल्कात २०० वाहिन्या मिळू लागल्या आणि २०२४ मध्ये शुल्कावरील कमाल मर्यादा काढून टाकण्यात आली. म्हणजे ‘केबल स्वस्त’ हे नातेवाइकांचे दुसरे वाक्य आता आपापल्या भागातील दर विचारल्याशिवाय उच्चारू नये. फरक पडतो तो सुरुवातीच्या खर्चात, कारण डिशसाठी तबकडी, बॉक्स आणि बसवण्याचा खर्च एकदम येतो, आणि एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीला चालत नाही. आणखी एक गोष्ट दादाच्या माहितीसाठी: फेब्रुवारी २०२३ मध्ये दरांच्या करारावरून वाद झाला, तेव्हा काही मोठ्या प्रसारकांनी देशभरातील अनेक केबल कंपन्यांना वाहिन्या देणे काही दिवस थांबवले होते. डिशच्या ग्राहकांना त्याची झळ लागली नाही. त्या दिवसांतही पाऊस नव्हता.

केबलच्या बाजूने एकच प्रामाणिक मुद्दा आहे आणि तो दादाने कधी मांडला नाही, म्हणून मीच मांडतो. केबलवर गावाची स्थानिक वाहिनी असते. शिमग्याची पालखी, शाळेचे स्नेहसंमेलन, विसर्जनाची मिरवणूक, नळाला पाणी कधी येणार, कोण गेले आणि अंत्ययात्रा किती वाजता निघणार, हे सगळे खालच्या पट्टीवर सरकत असते. डिशवर शेकडो वाहिन्या आहेत, पण तालुक्याची एक नाही. दादा केबल सोडत नाही ती या पट्टीसाठी, असा माझा पक्का संशय आहे. तसे त्याने सरळ सांगितले असते तर मी कालनिर्णय खराब केले नसते.

आता आपल्या फ्लॅटविषयी. भारतातील डिश कंपन्यांचे उपग्रह महाराष्ट्रातून पाहिले असता दक्षिण आणि पूर्व यांच्या मधल्या आकाशात, म्हणजे ढोबळमानाने आग्नेयेला येतात. आपल्या खिडक्या किंवा बाल्कनी त्या बाजूला उघडत असतील आणि समोर उंच इमारत किंवा वाढते झाड नसेल, तर बिनदिक्कत डिश घ्यावी. झाड आज आडवे येत नसले तरी तीन पावसाळ्यांनी येईल का, हेही पाहावे. सगळ्या खिडक्या उत्तरेला किंवा पश्चिमेला असतील, तर तबकडी गच्चीवर बसवावी लागेल आणि त्यासाठी सोसायटीची परवानगी आधी घ्यावी. पैसे भरून झाल्यावर कमिटीशी भांडण्यात अर्थ नसतो. गच्ची मिळत नसेल तर केबल घ्यावी, आणि हे मी कोणतीही कुरकुर न करता सांगतो. पुण्यात बऱ्याच भागांत फायबर इमारतीपर्यंत येते, वीजही आमच्यासारखी आठवडाभर जात नाही, त्यामुळे माझ्या वाडीतील केबलचे बहुतेक दोष आपल्याला जाणवणारही नाहीत. केबलवाला हाकेच्या अंतरावर असतो आणि आईवडिलांना रिमोटवर काही चुकीचे दाबले गेले तरी तो येऊन लावून देतो, ही सोय डिश कंपनीच्या फोनवरील ‘एक दाबा, दोन दाबा’मध्ये मिळत नाही. भाड्याचे घर असते तर मी आपल्याला डिशचा सुरुवातीचा खर्च करू नका असेच सांगितले असते. आणि मासिक खर्चच नको असेल तर दूरदर्शनची फ्री डिश आहे. तिच्यावर सह्याद्री मिळते, पण आईवडिलांच्या नेहमीच्या सशुल्क मराठी वाहिन्या तिच्यावर मिळतील असे समजू नये.

डिश बसवून घेताना माणसाला पैसे देण्यापूर्वी क्वालिटीची पट्टी दाखवायला सांगावे आणि ती कमी असेल तर पुन्हा जुळवून घ्यावी. जेमतेम जुळवलेली डिश उन्हाळ्यात छान चालते आणि पहिल्या वळवात जाते. पावसाच्या नावाने खडे फोडणाऱ्या निम्म्या लोकांची तक्रार मुळात या आळशी जुळवणीची असते. केबल घेणार असाल तर आपल्या इमारतीचा ॲम्प्लिफायर कुठे आहे, त्याला वीज कोणाच्या मीटरवरून येते आणि वीज गेल्यावर त्याला बॅटरी आहे का, हे तीन प्रश्न केबलवाल्याला विचारावेत. नातेवाइकांनाही विचारून पाहावेत. माझ्या भावाला त्यांपैकी एकाचेही उत्तर अजून देता आलेले नाही.