हिशोब जुळत नाही तेव्हा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

एम.एस्सी. संपल्यावर अणुतपासणीच्या क्षेत्रात उतरायचं तू मनावर घेतलंस, याचा मला फार आनंद झाला. 'ज्या देशाला लपवायचंच आहे, त्याचं आपण काय शोधणार?' असं तू विचारलंस. त्यासाठी आधी उत्तर कोरियाचं प्रकरण नीट वाच.

त्या देशाने १९८५ मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी करार स्वीकारला, पण तपासणीचा करार व्हायला १९९२ उजाडलं. मग त्यांनी आयएईएला, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला, सांगितलं की योंगब्यॉनच्या अणुकेंद्रात १९९० मध्ये एकदाच, जेमतेम ९० ग्रॅम प्लुटोनियम वेगळं काढलं. एका बॉम्बला पुरेल इतकं प्लुटोनियम म्हणून आयएईए हिशोबाला धरते तो आकडा ८ किलोंचा. त्यापुढे हे म्हणजे काहीच नाही.

निरीक्षकांनी तिथल्या उपकरणांवरून पुसून नमुने घेतले. पुढचं काम तुझ्या विषयातलं. प्लुटोनियम-२४१ चा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे १४ वर्षं. त्याचं हळूहळू अमेरिशियम-२४१ होत जातं. रासायनिक प्रक्रियेने प्लुटोनियम शुद्ध केलं की साचलेलं अमेरिशियम निघून जातं आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून चालू होतं. म्हणून दोघांचं प्रमाण मोजलं की शुद्धीकरण कधी झालं ते कळतं. त्या नमुन्यांतून एक नव्हे, १९८९, १९९० आणि १९९१ अशी वेगवेगळी वर्षं निघाली. 'एकदाच' हे खोटं होतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीने ते उघड केलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण एकूण किती काढलं? ते त्या धुळीला सांगता येईना. त्यासाठी टाकाऊ द्रव्याच्या दोन संशयित जागा बघायला हव्या होत्या. फेब्रुवारी १९९३ मध्ये आयएईएने विशेष तपासणी मागितली. त्या लष्करी जागा आहेत म्हणून नकार आला, आणि मार्चमध्ये करारातूनच बाहेर पडण्याची घोषणा झाली. २००२ च्या अखेरीस निरीक्षकांना देशाबाहेर काढलं, २००६ मध्ये पहिली अणुचाचणी झाली. दार उघडून घेणं प्रयोगशाळेच्या हातात नसतं. हे आधीच मान्य करून ये, नाहीतर दोन वर्षांत खचशील.

इराणचं दुखणं वेगळं आहे. तिथे २०२१ पासून कॅमेऱ्यांचं चित्रण आयएईएच्या हाती येईना, २०२२ च्या जूनमध्ये २७ कॅमेरे उतरवले गेले. युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रांचे सुटे भाग किती बनले, कुठे गेले, याची सलग नोंद तुटली. उद्या सगळे कॅमेरे परत लावले तरी मधल्या काळाचा हिशोब लागणं महाकठीण.

अहवाल लिहायला मात्र आतापासून शीक. मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. 'सापडलं नाही' आणि 'नाही' या दोन वाक्यांमध्ये माणसांचे जीव असतात. इराकमध्ये घोषित साहित्याची नियमित तपासणी चालू असताना शेजारीच गुप्त कार्यक्रम चालला होता, हे १९९१ च्या युद्धानंतर उघड झालं. त्याच इराकबद्दल ७ मार्च २००३ ला आयएईएचे तेव्हाचे प्रमुख अल बरादेई यांनी सुरक्षा परिषदेला सांगितलं, की अण्वस्त्र कार्यक्रम पुन्हा सुरू झाल्याचा पुरावा मिळालेला नाही, आणि नायजरमधून युरेनियम घेण्याच्या सौद्याची कागदपत्रं खरी नाहीत. दोन आठवड्यांच्या आत युद्ध पेटलं. पुढे त्यांचंच म्हणणं खरं ठरलं. म्हणून जितकं मोजलं तितकंच लिही, आणि ते लिहिताना कुणाच्याही दडपणाखाली येऊ नकोस.

या सुट्टीत मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे अणूंचं वस्तुमान मोजून ते ओळखणाऱ्या यंत्रावर, हात बसव. स्वच्छ सुती कापडाने टेबल पुसायचं, कापड पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, पुढच्या नमुन्याआधी हातमोजे बदलायचे. सोबत कुठेही न टेकवलेलं कोरं कापडही तपास. त्यातही काही निघालं तर चूक कुठे शिरली ते शोध आणि मला कळव. जमल्यास फारसीही शिकायला घे.

तुझे,
सर