खटला टीव्हीवर का दिसत नाही?

प्रश्न : मी परभणीला पत्रकारिता शिकते. अमेरिकेतले खटले यूट्यूबवर पहिल्या साक्षीपासून निकालापर्यंत बघायला मिळतात. आपल्याकडं टीव्हीचा वार्ताहर कोर्टाच्या फाटकाबाहेर उभा राहूनच बोलतो. जिल्हा न्यायालयांतही कॅमेरा का नको? तुम्ही इतकी वर्षं कोर्टाच्या बातम्या केल्यात, काका, म्हणून विचारते.
— एक वाचक, सेलू

उत्तर : पोरी, कॅमेरा आत जात नसला तरी तू जाऊ शकतेस. फौजदारी न्यायालय सगळ्यांना खुलं असतं, कायद्यातच तसं लिहिलंय. बलात्कारासारखी प्रकरणं तेवढी बंद दाराआड चालतात.

अमेरिकेतही सरसकट मोकळीक नाही. संघराज्याच्या फौजदारी खटल्यांत प्रक्षेपणाला आजही बंदी आहे. तू बघतेस ते राज्यांच्या कोर्टांतले खटले. त्यांच्यासाठी स्टीव्हन ब्रिल या कायदा शिकलेल्या पत्रकारानं १९९१मध्ये ‘कोर्ट टीव्ही’ ही वाहिनी काढली. १९९५मध्ये ओ. जे. सिम्पसन या माजी फुटबॉलपटूवरचा खुनाचा खटला सुरू झाला, तेव्हा एका राखीव ज्यूरचा, म्हणजे निकाल देणाऱ्या नागरिक-पंचांतल्या एका राखीव पंचाचा, चेहरा क्षणभर पडद्यावर दिसला. तेवढ्यावरून न्यायाधीश लान्स इटो कॅमेरा बंद करायला निघाले होते.

आपल्याकडं स्वप्निल त्रिपाठी या कायद्याच्या विद्यार्थ्यानं याचिका केली. इतरांच्याही होत्या. २६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः होकार दिला आणि २७ सप्टेंबर २०२२पासून घटनापीठाची सुनावणी दिसू लागली. पहिल्याच दिवशी शिवसेनेच्या वादाचं प्रकरण होतं. आमच्या कोर्टासमोरच्या हॉटेलात एका मोबाईलभोवती दहा जण जमून ऐकत होते. मला फार बरं वाटलं. पण तिथं बोलतात ते वकील आणि न्यायमूर्ती. साक्षीदाराचा पिंजरा तिथं नसतो.

आणि माझी अडचण त्या पिंजऱ्यापाशीच आहे.

एका खून खटल्यात ऊसतोडीला जाणारा एक माणूस साक्षीला उभा होता. दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरलेला. बोटांची नखं पांढरी पडली होती. आरोपीचे भाऊबंद मागच्या बाकांवर बसलेले, सगळे त्याच्याच गावचे. न्यायाधीश साहेबांनी दोनदा सांगितलं, ‘मोठ्यानं बोला.’ त्याचा सरतपास, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाचे प्रश्न, चालू असतानाच मला वाहिनीचा फोन आला, लाईव्ह द्या. मी बाहेर पळालो. थोड्या वेळानं एका वकिलानं येता येता सांगितलं, ‘फितूर झाला.’ मी तसंच बोललो. पडद्याखालची पट्टी दिवसभर फिरली.

दुसऱ्या दिवशी तो माणूस मला शोधत आला. ‘साहेब, मी फक्त एवढंच म्हनलो की अंधारात हत्यार नीट दिसलं नाही. माणूस तर वळखलाच की. गावात मला फितूर म्हनायलेत.’ मी नोंदलेला जबाब काढून वाचला. त्याचं खरं होतं. सरकारी वकिलांनी त्याला फितूर ठरवून उलट प्रश्न विचारायची परवानगीसुद्धा मागितली नव्हती. मी माफी मागितली, वाहिनीला दुरुस्ती द्यायला सांगितलं. ती लागली नाही. हे मला आजही सलतं.

त्याचा चेहरा त्या दिवशी थेट दिसला असता, तर माझी चूक झाली नसती, हे मी मान्य करतो. पण दुसऱ्या साक्षीदाराची पुन्हा पिंजऱ्यात उभं राहायची छाती झाली असती का? शिवाय पुढच्यानं आधीच्याचा जबाब मोबाईलवर ऐकला, तर दोन साक्षी स्वतंत्र राहत नाहीत. म्हणून माझं मत असं : जिल्हा न्यायालयातले अंतिम युक्तिवाद आणि निकाल जरूर दाखवावेत, साक्षी दाखवू नयेत. साक्षीच्या वेळी आत वार्ताहर हवा, आणि उलटतपास संपेपर्यंत हलायचं नाही म्हणणारा हवा.

तू एक कर. अकराच्या आत सत्र न्यायालयात जा, बोर्डावर साक्षीला लागलेलं प्रकरण बघ, मोबाईल बंद करून मागं बस. साक्षीदार काय बोलतो आणि साहेब लघुलेखकाला काय सांगतात, दोन्ही वहीत लिही. महिनाभरानं ती वही घेऊन ये, आपण बसून वाचू.