रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला मूळ फोटो) उघडत नसेल तर आधी हे कर

सगळ्यात आधी, कॅमेऱ्याच्या त्या मेमरी कार्डावर आता एकही फोटो काढू नकोस आणि ते फॉरमॅटही करू नकोस. नवीन काही लिहिलं गेलं की त्या जागेवरचा जुना डेटा कायमचा जातो.

मग दुसरा कार्ड रीडर आणि दुसरी केबल घेऊन फाइल पुन्हा कॉपी कर. पुष्कळदा कार्डावरची फाइल धडधाकट असते, बिघडते ती कॉपी होताना. माझ्या एका फोटोचा वरचा भाग स्वच्छ आणि खाली नुसते गुलाबी-जांभळे पट्टे होते. रीडर बदलला आणि तोच फोटो अख्खा उघडला! तेव्हा किती हायसं वाटलं, काय सांगू.

तरीही जमलं नाही तर कार्डाची पूर्ण इमेज (म्हणजे अख्ख्या कार्डाची हुबेहूब प्रत, एकाच फाइलमध्ये) बनव आणि त्या इमेजवर फोटोरेक हा हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम चालव. ते मोफत आहे. सापडलेल्या फाइल मात्र दुसऱ्या डिस्कवर साठव. अजून एक आशा असते: बहुतेक रॉ फाइलींच्या पोटात जेपेग प्रिव्ह्यू (त्याच फोटोची तयार जेपेग प्रत) असतो, तो एक्झिफटूल या प्रोग्रॅमने बाहेर काढता येतो. एडिट करताना मिळणारी रॉची लवचीकता त्यात नसते, पण फोटो हाती लागतो.

बॅकअपचं म्हणशील तर ३-२-१ धर: ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, १ घराबाहेर. नुसत्या सिंकवर (सगळीकडच्या फाइली आपोआप सारख्या ठेवण्यावर) विसंबू नकोस, कारण बिघडलेली फाइलही तितक्याच इमानदारीने सगळीकडे पोहोचते. प्रती उघडून, शंभर टक्के झूम करून पाहिल्याशिवाय कार्ड रिकामं करू नकोस.