वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रॉनिक छपाईतील मायक्रॉनचा हिशेब

सर्किट बोर्डावर, फिल्मवर किंवा प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर इलेक्ट्रॉनिक मंडले (सर्किट) छापताना नेमकेपणा कसा राखावा, याविषयी वडोदरा आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षेपाने छापली असून यंत्रे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांची नावे वगळली आहेत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

प्रश्न : मकरपुरा औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना आहे. मोटार-नियंत्रकांचे सुमारे ३०० मिलिमीटर लांबीचे बोर्ड आम्ही तयार करतो. सकाळी स्टेन्सिल (भोके पाडलेला पातळ पोलादी पत्रा) जुळवली की तिच्यातून सोल्डर पेस्टची (भाग जोडणाऱ्या धातूच्या लगद्याची) छपाई चांगली येते. दुपारनंतर मात्र बोर्डाच्या एका टोकाला पेस्ट पॅडवरून (भाग जिथे जोडायचा त्या तांब्याच्या जागेवरून) सरकलेली दिसते. दुसऱ्या टोकाला ती बरोबर असते. जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा बसवा, असे विक्रेते सांगतात. बसवावा का?

उत्तर : आत्ताच बसवू नये. एक टोक बरोबर येते आणि दुसरे हुकते, ही आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती आहे आणि ती कॅमेऱ्याकडे बोट दाखवत नाही. कॅमेऱ्याने बोर्डावरच्या खुणा एकसारख्या चुकीच्या वाचल्या असत्या, तर सगळी छाप एकाच दिशेने सरकली असती. प्रथम एवढेच पाहावे की हुकलेल्या टोकाची पेस्ट बोर्डाच्या लांबीच्या दिशेने सरकली आहे की आडवी. आडवी सरकली असल्यास ती कोनाची चूक आहे. बोर्ड पकडणारी क्लॅम्प किंवा आधाराच्या पिना तपासाव्यात. लांबीच्या दिशेने सरकली असल्यास बोर्ड आणि स्टेन्सिल यांच्या लांबीत फरक पडला आहे, आणि लांबीतला फरक कोणताही कॅमेरा भरून काढू शकत नाही.

हा फरक कोठून येतो, हे आकड्यांनी पाहू. काचतंतू आणि इपॉक्सीचा नेहमीचा एफआर-४ बोर्ड तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की दहा लाखांत साधारण १६ भाग एवढा वाढतो. स्टेन्सिलसाठी वापरले जाणारे ३०४ जातीचे स्टेनलेस स्टील दहा लाखांत सुमारे १७ भाग वाढते. दोन्ही जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात, म्हणून कारखान्यात उकाडा वाढल्याने एवढे बिघडू नये. बिघडते ते दोघांचे तापमान वेगळे असते तेव्हा. आपल्या बोर्डांच्या दोन्ही बाजूंना भाग बसवले जात असतील आणि दुपारी ते पहिल्या बाजूसाठी रिफ्लो ओव्हनमधून (पेस्ट वितळवणाऱ्या भट्टीतून) निघून कोमट असतानाच दुसऱ्या बाजूच्या छपाईला लावले जात असतील, तर हिशेब सरळ आहे : ३०० मिलिमीटरचा बोर्ड स्टेन्सिलपेक्षा १५ अंशांनी गरम असेल तर तो ७२ मायक्रॉनांनी लांब होतो. अर्धा मिलिमीटर पिचच्या (लगतच्या पायांमधल्या अंतराच्या) आयसीचा पॅड साधारण ०.३ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे टोकाला पेस्ट पॅडच्या जवळजवळ पाव रुंदीने बाहेर पडते. बोर्ड रॅकमध्ये खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबवणे, हा यावरचा उपाय आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. वातानुकूलित खोलीतून थेट उष्ण शेडमध्ये आणलेल्या बोर्डांना हेच उलट दिशेने लागू पडते.

एवढे करूनही फरक उरला, तर बोर्ड बनतानाच तो कमी-अधिक लांबीचा झाला आहे का, हे मोजावे. थर दाबून चिकटवताना प्रत्येक खेपेचा माल थोडा वेगळा आकसतो. हे मोजायला आपला आहे तोच कॅमेरा पुरेसा आहे : बोर्डाच्या दोन टोकांच्या फिड्यूशियल (जुळवणीसाठी ठेवलेल्या) खुणांमधले अंतर यंत्राकडून वाचून घ्यावे आणि आराखड्यातल्या अंतराशी ताडून पाहावे. एकाच खेपेतले बोर्ड सारखेच आकसलेले आढळले, तर त्या प्रमाणात मापे बदललेली स्टेन्सिल बनवून घेता येते. तोवर निदान जुळवणीचा आधार एका टोकाऐवजी मध्यावर न्यावा. मग ७२ मायक्रॉनांची चूक दोन्ही टोकांना ३६-३६ अशी विभागली जाते आणि बहुधा पॅडच्या हद्दीत राहते. दोन खुणांवरून यंत्राला सरकणे आणि फिरणे कळते. लांबी किती बदलली, तेही ताडता येते. बोर्ड तिरका ताणला गेला आहे का, हे समजायला मात्र तिसरी खूण लागते. तिची जागा आराखड्यातच सोडलेली असावी.

आता कॅमेऱ्याविषयी. समजा कॅमेऱ्याला ८ मिलिमीटर रुंदीचा भाग दिसतो आणि तेवढ्यात १६०० पिक्सेल आहेत. म्हणजे एक पिक्सेल ५ मायक्रॉनांचा झाला. परंतु एक मिलिमीटर व्यासाच्या गोल खुणेचे केंद्र काढताना तिच्या कडेवरचे शेकडो बिंदू एकत्र विचारात घेतले जातात, त्यामुळे केंद्र पिक्सेलच्या अंशापर्यंत नेमके मिळते. अडचण पिक्सेलच्या संख्येत क्वचितच असते. ती प्रकाशात असते. गरम हवेने सपाट केलेल्या कथिलाच्या लेपाची खूण घुमटासारखी फुगीर राहते. बाजूने प्रकाश पडला की तिच्या एका अंगाला चकाकी आणि दुसऱ्या अंगाला सावली येते आणि काढलेले केंद्र चकाकीकडे ओढले जाते. भिंगातूनच खाली येणारा प्रकाश आणि बाजूच्या वर्तुळाकार दिव्याचा प्रकाश यांचे प्रमाण बदलून पाहावे. नव्या बोर्डांसाठी निकेलवर सोन्याचा पातळ मुलामा घेता आला, तर खूण सपाट मिळते.

पैसे खर्च करायचेच असतील, तर माझ्या मते ते टेलिसेंट्रिक भिंगावर करावेत. साध्या भिंगाखाली वस्तू जवळ आली की मोठी दिसते. सरफेस माउंटच्या (भाग पृष्ठभागावरच जोडलेल्या) बोर्डाला ०.७५ टक्के बाक उद्योगात मान्य असतो. आपल्या ३०० मिलिमीटरच्या बोर्डात तो दोन मिलिमीटरांहून अधिक होतो. आधाराने बराचसा बाक दबला तरी खुणेची उंची अर्ध्या मिलिमीटरने बदलू शकते. भिंग १५० मिलिमीटर उंचीवर असेल आणि खूण दृश्याच्या मध्यापासून ४ मिलिमीटर दूर असेल, तर तेवढ्यानेच ती १३ मायक्रॉन सरकलेली भासते. चांगल्या पेस्ट-छपाई यंत्रांची जुळवणीची हमीच साधारण ±१२.५ मायक्रॉनांची असते, म्हणजे सगळी सवलत भिंगातच संपली. टेलिसेंट्रिक भिंगात उंची बदलली तरी आकार बदलत नाही.

प्रश्न : मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकतो. चांदीच्या शाईने मंडले छापणारे इंकजेट यंत्र आम्ही प्रकल्पासाठी बनवत आहोत. ५ मिलिमीटर पिचचा बॉलस्क्रू (एका फेऱ्यात हेड ५ मिलिमीटर सरकवणारा स्क्रू) आणि आवर्तनामागे १०,००० स्पंद देणारा एन्कोडर (फिरणे मोजणारे साधन) वापरला आहे, म्हणजे अर्ध्या मायक्रॉनाची अचूकता मिळायला हवी. प्रत्यक्षात रेषा ४०-५० मायक्रॉनांनी हुकतात. हेड जाताना आणि येताना छापलेल्या रेषांमधला फरक तर त्याहून मोठा आहे. चूक कोठे आहे?

उत्तर : अर्धा मायक्रॉन ही आपल्या यंत्राची वाचनक्षमता आहे, अचूकता नव्हे. एन्कोडर मोटारीच्या दांड्याला बसवला आहे, म्हणून त्याला दांडा किती फिरला एवढेच कळते. हेड किती सरकले, ते त्याला दिसत नाही. बाजारात सहज मिळणारा सी-७ दर्जाचा बॉलस्क्रू ३०० मिलिमीटर लांबीत सुमारे ५० मायक्रॉन चुकू शकतो, आणि आपण मोजलेली चूक नेमकी त्याच घरातली आहे. सी-५ दर्जात हा आकडा २० मायक्रॉनांच्या आसपास येतो.

ही चूक प्रत्येक फेरीत त्याच जागी तेवढीच येत असेल, तर ती कागदावर उतरवून सॉफ्टवेअरमधून वजा करता येते. प्रमाणित काचपट्टी टेबलावर ठेवून हेडजवळ बसवलेल्या कॅमेऱ्याने दर १० मिलिमीटरला खरे अंतर नोंदवावे आणि त्याचे कोष्टक नियंत्रकात भरावे. आधी मात्र एकाच बिंदूवर एकाच बाजूने वारंवार येऊन वाचने घ्यावीत. ती वाचनेच विखुरलेली असतील, तर कोष्टकाचा उपयोग नाही. तेव्हा बेअरिंग, कपलिंग आणि गाइडची पकड पाहावी लागेल.

जाता-येतानाचा फरक हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची परीक्षा सोपी आहे. एकाच ठिकाणची उभी रेषा जाताना आणि येताना छापावी, प्रथम मंद वेगाने आणि मग दुप्पट वेगाने. दोन्ही रेषांमधले अंतर वेगाबरोबर वाढले, तर दोष थेंबाच्या उड्डाणकाळाचा आहे. वेग बदलूनही तेवढेच राहिले, तर स्क्रूमधल्या ‘प्ले’चा, म्हणजे ढिलेपणाचा. उड्डाणकाळाचा परिणाम किती मोठा असतो, याची कल्पना नवशिक्याला सहसा नसते. नोझल पृष्ठभागापासून १ मिलिमीटर उंच आहे आणि थेंब सेकंदाला ६ मीटर वेगाने निघतो, असे धरल्यास त्याला खाली पोहोचायला सुमारे १६७ मायक्रोसेकंद लागतात. हेड सेकंदाला अर्धा मीटर धावत असेल, तर तेवढ्या वेळात थेंब ८३ मायक्रॉन पुढे जाऊन पडतो. येताना तो तेवढाच उलट दिशेला पडतो, म्हणून दोन रेषांत १६६ मायक्रॉनांची फट दिसते. उपाय म्हणजे त्या प्रमाणात थेंब आधी सोडणे आणि नोझलची उंची शक्य तितकी कमी ठेवणे. उंची कमी केल्याने नोझलमधून तिरक्या निघणाऱ्या थेंबांची चूकही त्याच प्रमाणात घटते.

पुढे कधी गाइडलगत मोजपट्टी बसवाल, तेव्हा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्ये मांडलेले तत्त्व लक्षात ठेवावे : मोजपट्टी आणि काम शक्य तितके एकाच रेषेत असावे. आपले हेड मोजपट्टीपासून १०० मिलिमीटर दूर टांगलेले असेल आणि गाइडवर ते केवळ १० विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) झुकले, तर टोकाशी ५ मायक्रॉनांची चूक होते आणि मोजपट्टीला तिचा पत्ताही लागत नाही.

प्रश्न : दांडिया बाजारात आमचा छापखाना होता, बहुरंगी छपाईत माझे सारे आयुष्य गेले. आता मुलगा प्लास्टिकच्या रोलवर चांदीच्या शाईने कळफलकांची मंडले छापू पाहतो. आमच्या रजिस्ट्रेशनचा अनुभव त्याला उपयोगी पडेल का?

उत्तर : निश्चित पडेल. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ज्या गावात कलाभवन ही कला आणि तंत्रशिक्षणाची संस्था स्थापन केली आणि जिथे दादासाहेब फाळके शिकले, त्या आपल्या वडोदऱ्याला एका रंगावर दुसरा रंग नेमका बसवण्याची विद्या परकी नाही. कोपऱ्यांतल्या खुणा, ताण, कागदाची ओल, शाईचा घट्टपणा हे सारे येथेही आहे. फरक चुकीच्या परिणामात आहे. चित्रात एक रंग १०० मायक्रॉनांनी सरकला तर कडेला बारीक छटा दिसते आणि वाचक ती सोडून देतो. मंडलात इन्सुलेशनचा थर तेवढाच सरकला, तर दोन वाहक रेषा एकमेकींना भिडतात आणि कळफलक निकामी होतो.

रोलवर छापताना ताणाकडे विशेष लक्ष द्यायला मुलाला सांगावे. ३०० मिलिमीटर रुंद आणि १०० मायक्रॉन जाड पॉलिएस्टर फिल्म १०० न्यूटन बलाने, म्हणजे सुमारे दहा किलो वजनाने ओढली, तर ३०० मिलिमीटर लांबीत ती २०० मायक्रॉनांहून थोडी अधिक ताणली जाते. ताण किती आहे यापेक्षा पहिल्या आणि दुसऱ्या छपाईच्या वेळी तो सारखाच आहे का, हे महत्त्वाचे ठरते. म्हणून केवळ अंतर मोजून भागत नाही. प्रत्येक पुनरावृत्तीची खूण कॅमेऱ्याने पाहून त्याप्रमाणे छपाईचा क्षण बदलावा लागतो. फिल्म थांबवायची नसेल, तर लखकन पेटणारा एलईडी हवा : सेकंदाला अर्धा मीटर वेगाने जाणारी खूण १० मायक्रोसेकंदांच्या प्रकाशात ५ मायक्रॉनच पुसट होते.

दुसरा शत्रू वाळवणी. चांदीची शाई साधारण १२० ते १५० अंशांवर वाळवतात आणि पॉलिएस्टर ७५-८० अंशांपुढे मऊ होऊ लागते. साधी फिल्म १५० अंशांवर एक टक्क्यापर्यंत आकसू शकते, म्हणजे ३०० मिलिमीटरमागे तब्बल ३ मिलिमीटर. उष्णतेने आधीच स्थिर केलेली फिल्म घ्यावी आणि तरीही पहिल्या छपाईपूर्वी ती कोरीच ओव्हनमधून एकदा काढावी. आकसायची ती आधीच आकसू द्यावी. सुट्या पत्र्यांवर काम करणारे अनेक कारागीर हे करतात, रोलवाले वेळ वाचवण्यासाठी टाळतात. मला ते टाळणे महागाचे वाटते.

प्रश्न : वाघोडिया रस्त्यावर आमचे पीसीबी (सर्किट बोर्ड) बनवण्याचे युनिट आहे. पावसाळ्यात फोटोफिल्मवरची नक्षी ड्रिल केलेल्या भोकांशी जुळत नाही. लेझरने थेट प्रतिमा उमटवणारे यंत्र घेण्यावाचून पर्याय आहे का?

उत्तर : आधी खोली सुधारून पाहावी. पॉलिएस्टरची फोटोफिल्म हवेतील सापेक्ष आर्द्रता एक टक्क्याने वाढली की दहा लाखांत सुमारे १० भाग वाढते. आर्द्रता ५० वरून ६० टक्क्यांवर गेली, तर ५०० मिलिमीटरची फिल्म ५० मायक्रॉनांनी लांबते, आणि आपल्याकडच्या श्रावणात दहा टक्क्यांचा फरक काहीच नाही. फिल्म प्लॉट करण्याची आणि एक्स्पोजरची अशा दोन्ही खोल्यांत तापमान आणि आर्द्रता एकच ठेवावी. पाकिटातून काढलेली फिल्म काही तास त्या हवेत राहू द्यावी आणि मगच प्लॉट करावी. थेट लेझर-प्रतिमेच्या यंत्राचा खरा लाभ फिल्म लागत नाही यात नाही. ते प्रत्येक पॅनेलवरची भोके किंवा खुणा कॅमेऱ्याने पाहते आणि त्या पॅनेलच्या आकसण्याप्रमाणे नक्षी ताणून किंवा आवळून उमटवते. आपले बोर्ड बहुथरी असतील आणि भोकांभोवतीची तांब्याची कडी १०० मायक्रॉनांच्या आसपास आली असेल, तर ते यंत्र घेण्याजोगे आहे. दोन थरांच्या, रुंद कड्यांच्या बोर्डांना आर्द्रतामापक आणि चांगला डीह्युमिडिफायर पुरेल.