आधी रेकॉर्ड वाच

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीकडून आलेलं पहिलंच फौजदारी अपील, तेही जन्मठेपेचं. आणि तू लिहितेस, "सर, निकालपत्र वाचलं, अपिलात दम नाही. यात वेळ घालवण्यापेक्षा जेएमएफसीचा, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी परीक्षेचा, अभ्यास करू का?"

अभ्यास जरूर कर. त्या परीक्षेला तीन वर्षं वकिलीची अट २०२५ पासून पुन्हा आलीच आहे. ती वर्षं तू कशी काढणार, याची मला काळजी आहे. दम नाही हे कशावरून ठरवलंस? निकालपत्रावरून? अगं, ज्याच्याविरुद्ध अपील करायचं, त्यालाच विचारून आलीस की! खटल्याचं रेकॉर्ड, म्हणजे साक्षी, पंचनामे, सगळे कागद, वाचलंस का?

निशाणी १ पासून, म्हणजे क्रमांक दिलेल्या पहिल्या कागदापासून, शेवटच्या रोजनाम्यापर्यंत, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीपर्यंत, एकेक पान. मरणोत्तर पंचनाम्यावर गुन्हा रजिस्टर नंबर आहे का ते बघ. नसेल, तर फिर्याद खरंच सांगितलेल्या वेळी नोंदली होती का, ही शंका उभी राहते. मुद्देमाल जप्त कधी झाला, तपासणीला कधी गेला, मधले दिवस कुणाच्या ताब्यात होता, आणि सील कुणी पाहिलं? मग जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ चा जबाब काढ, ज्यात न्यायाधीश आरोपीला त्याच्याविरुद्धच्या पुराव्याबद्दल विचारतात. शरद बिरधीचंद सारडा हा पुण्याचा खटला तुला ठाऊक आहे. फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या तुम्हा सगळ्यांना पाठ असतात. पण त्याच निकालात असंही आहे की, जी परिस्थिती ३१३ च्या जबाबात आरोपीपुढे ठेवलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. तो न विचारलेला प्रश्न निकालपत्रात कुठून दिसणार? त्याला रेकॉर्डच वाचावं लागतं.

वकील हजर नसला तरी रेकॉर्ड न पाहता फौजदारी अपील नुसतं काढून टाकता येत नाही, असं बनी सिंग प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. जे न्यायाधीशांना चुकत नाही, ते वकील असून तू चुकवणार?

फी तुटपुंजी आहे, मान्य. पण कैद्याला निकालाची प्रत मोफत मिळाली पाहिजे, अपिलाला वकील मोफत मिळाला पाहिजे, हे १९७८ च्या होसकोट निकालाने सांगितलं, आणि तो खटलाही आपल्या महाराष्ट्राचाच. त्यातला वकील म्हणजे आज तू आहेस. सोलापूरच्या पूर्व भागात तुझी आई विड्या वळते. विड्यांचा कट्टा, म्हणजे जुडगा, न सोडताच कुणी सगळी छाट काढली, म्हणजे विड्या खराब म्हणून नाकारल्या, तर ती गप्प बसेल का? मग येरवडा तुरुंगातल्या तुझ्या त्या पक्षकाराचं रेकॉर्ड न उघडता तू "दम नाही" कसं म्हणतेस?

मुंबईला का गेलो नाही, असं मला अजून विचारतात. पक्षकार बार्शीचे, सांगोल्याचे, अक्कलकोटचे आणि उच्च न्यायालय मुंबईत. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने कागदांची गाठोडी घेऊन जायचं, नंबर लागला नाही की तसंच परत यायचं. बरोबरीचे तिकडे राहिले, मोठे झाले. उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच, म्हणजे आपल्या भागातली अपिलं तिथेच ऐकणारं पीठ, सुरू झालं १८ ऑगस्ट २०२५ ला. माझी उमेद तोवर सरली होती. त्याची खंत आहे आणि राहील. कित्येक पक्षकारांच्या बायकांना आपल्या माणसाचा युक्तिवाद एकदाही ऐकता आला नाही, त्याची तर जास्तच.

तरीही मी इथेच राहिलो ते बरंच केलं. घटनास्थळाचा नकाशा घेऊन त्या शिवारात उभा राहायचो. साक्षीदार म्हणतो त्या बांधावरून विहीर दिसते का, हे तिथे कळतं. युक्तिवाद मात्र रेकॉर्डवरच करायचा. पण शिवार पाहिलेल्या माणसाला उलटतपासातली एखादी ओळ थांबवते, जी दुसरा सहज ओलांडून जातो. मुंबईच्या चेंबरमध्ये बसून मला ते जमलं नसतं. मी स्वतःचं समर्थन करतोय असं वाटेल तुला. वाटू दे.

आता काम. येरवड्याला जाऊन त्याला भेट, त्याचं सगळं ऐकून घे. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसेल असं गृहीत धरू नकोस. मग पुढच्या रविवारी घरी ये. निशाणींची यादी स्वतःच्या हाताने केलेली हवी, कारकुनाकडून आणलेली नको. त्यानंतरही अपिलात दम नाही असं वाटलं तर सांग, मी ऐकेन. पण प्रत्येक मुद्दा निशाणी क्रमांकासकट सांगायचा.